मेजरबाईंचे बुधवार

मेजरबाईंनी मला फसवलं, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचताना त्या तुम्हाला आवडायला लागतील. त्या सगळ्यांनाच आवडायच्या, मलाही आवडायच्या. मग शेवटी मी चिडलेली दिसले की तुम्ही म्हणाल, म्हातारीला केल्याची जाण नाही. म्हणून माझी बाजू आधी मांडली.

त्यांचं नाव रूथ साळवे. शिर्डीजवळच्या राहात्याला आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. या मुलीनं नर्सिंग केलं, लष्करी दवाखान्यांत नोकरी धरली, सगळा देश पालथा घातला आणि मेजर होऊन परत वडिलांच्या घरात राहायला आली. गल्लीनं तिला साळवेबाई म्हणायचा प्रयत्न आठवडाभर केला असेल, मग मेजरबाईच झालं. लग्न केलेलं नव्हतं. कोणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "बदलीचं पत्र आधी यायचं, स्थळ मागनं यायचं. मी आधीच्याला हो म्हणायचे."

बेताची उंची, ताठ पाठ, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालून त्या भाजी आणायला निघाल्या की पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. दाराची घंटा त्यांनी कधी वाजवली नाही. फाटकातूनच पूर्ण नावानं हाक मारायच्या, हजेरी घेतल्यासारखी. बोलणं तसं शुद्ध होतं. पण राग आला, घाई असली किंवा मनातलं काही बाहेर पडायला लागलं की तीस वर्षांच्या लष्कराखालून अस्सल राहात्याची बोली वर यायची.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अशीच हाक आली. "सुमन दत्तात्रय शिंदे!" मी बाहेर आले तर या फाटकाला हात टेकून उभ्या.

"शिंदेबाई, तुम्हाला तेरापर्यंत मोजता येतं का?"

मी चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं आहे. मी म्हटलं, "तेराचा पाढा उलटा म्हणून दाखवू?"

"नको. बुधवारी चारला या. एक खेळ हाय. चौथं माणूस कमी पडतंय."

त्या निघूनही गेल्या. मी मात्र दिवसभर गुणगुणत होते. हे गेले तेव्हापासून मला हळदीकुंकवाला बोलावत नव्हते, आणि दुसऱ्या कशाला बोलावण्याइतकं कोणाला सुचत नव्हतं. मुलगा अमोल पुण्याला वाकडला असतो. तो दर फोनला एकच धोशा लावायचा, आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. मला जायचं नव्हतं. माझं दोन खोल्यांचं घर, माझ्या किल्ल्या, सकाळी मला वाटेल तेव्हा उठून मला हवा तसा चहा. एवढंच मला हवं होतं आणि तेवढ्यासाठी मी त्याच्याशी भांडत होते. अशात कोणी येऊन म्हणतं, तुमच्यावाचून अडलंय. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते आज लिहिताना लाज वाटते.

बुधवारी गेले. पडवीत चौकोनी टेबल, त्यावर लष्करी हिरवी घोंगडी ताणून बांधलेली. दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. एक शकूताई, सहा एकर पेरूच्या बागेची मालकीण. दुसरी वैशाली, बसस्टँडसमोर मेडिकल चालवते. मेजरबाईंनी एक लाकडी पेटी उचलली आणि घोंगडीवर पालथी केली. एकशे चव्वेचाळीस सोंगट्या खळखळत सांडल्या.

"ह्याला माहजाँग म्हणतात. चिनी खेळ आहे. मला एका कर्नलच्या बायकोनं शिकवला. पत्त्यातल्या रमीसारखाच समजा, फक्त पत्ते जाड आहेत."

शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती, आणि मी स्वतः शिक्षिका असून मान्य करते की ती उत्तम होती. नियमांची यादी त्यांनी कधी सांगितली नाही. आधी नुसत्या सोंगट्या कालवायला लावल्या. मग चौघींनी आपापल्या पुढ्यात दोन थरांची भिंत रचायची, अठरा जोड्यांची. मग प्रत्येकीनं तेरा सोंगट्या उचलायच्या. पाळी आली की भिंतीतून एक घ्यायची, हातातली एक टाकायची. असं करत तीन-तीनचे चार गट आणि वर एक जोडी जमली की 'माहजाँग' म्हणून हात उघडा करायचा. झालं. "हात हलवा, डोकं आपोआप हलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सोंगट्यांवर मुख्यतः तीन प्रकारची चित्रं असतात. बांबूच्या कांड्या, गोल टिपके आणि चिनी अक्षरं. मेजरबाई त्यांची इंग्रजी नावं सांगायला लागल्या, तसं शकूताईनं त्यांना थांबवलं.

"ओ मेजरबाई, हा सरळ ऊस हाय. हे गोल गोल म्हंजे पेरू. आन हे अक्षर तर आमच्या तलाठ्याचं दिसतंय, काय बी लागत न्हाई. ह्याला सातबारा म्हना."

मेजरबाईंनी एक क्षण विचार केला आणि म्हणाल्या, "मंजूर." तेव्हापासून आमच्या टेबलावर ऊस, पेरू आणि सातबारा. "पाचाचा पेरू टाकते," "सातबारा तिसरा कोणाकडं हाय," असं चालायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथं जमिनीचा सौदा चाललाय.

नव्या माणसासाठी त्यांचा नियम होता. पहिले चार बुधवार उघडा डाव. सोंगट्या चित्र वर करून ठेवायच्या, सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं, सल्ले द्यायचे, हसायचं. त्या चार बुधवारांत मी जितकी हसले तितकी आधीच्या चार वर्षांत हसले नसेन. पाचव्या बुधवारी त्यांनी सगळ्यांच्या सोंगट्या उभ्या केल्या, चित्र आपल्याकडे, पाठ दुसऱ्याकडे. म्हणाल्या, "आता तुमचं मला दिसत नाही, माझं तुम्हाला दिसत नाही. आता खेळ सुरू." त्यांच्यापुरतं ते खोटं होतं. पण तेव्हा मला ते कुठून कळणार?

गल्लीत बोभाटा झालाच. बायका मेजरबाईकडे जुगार खेळतात म्हणे. एका बुधवारी शकूताईचे मालक बागेतून तसेच उठून आले, पायाला चिखल, डोळे लाल. "काय चाललंय हितं?" मेजरबाई जागच्या उठल्या नाहीत. खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बसा. वैशालीला दुकानात गिऱ्हाईक आलंय, तिची भिंत रचायची राहिली. अठरा जोड्या. सरळ पायजे." आणि तो माणूस बसला! पाऊण तास भिंती रचत, मोडत बसला. जाताना बायकोला म्हणाला, "ह्यो कसला जुगार, हे तर वीटभट्टीवरचं काम हाय. करा लेको." पुढे तो कधी आला नाही, पण मोसमात दर बुधवारी पेरूंची पिशवी मात्र यायची.

प्रामाणिकपणाच्या बाबतीत मेजरबाई कडक होत्या. डाव पुरता झालेला नसताना 'माहजाँग' ओरडणं हा त्यांच्या लेखी मोठा गुन्हा. वैशालीनं एकदा घाईत केलं तसं, एक गट चुकीचा होता. मेजरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास ठेवून आम्ही तिघींनी हात उघडले. आता आमचं सगळं उघड झालं. हे भरून कसं देणार?" वैशालीच्या डोळ्यात पाणी आलं. पुढच्याच महिन्यात ही चूक त्यांनी स्वतः केली. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शकूताई तर "वा वा" म्हणत टाळ्या वाजवत होती. त्यांनी आपल्याच सोंगट्यांवर बोट ठेवून चूक दाखवली, उठल्या आणि त्या दिवशी पुन्हा खेळायला बसल्या नाहीत. आम्ही तिघीच कशातरी तीन डाव खेळलो आणि त्या चहा आणि भजी पुरवत राहिल्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या बाईवर डोळे मिटून विसंबायला हरकत नाही. माझी चूक तिथं झाली.

या खेळात आणखी एक नियम आहे. पाळी आली की आधी उचलायची, मग टाकायची. उचलायला विसरून नुसती टाकली तर हातात बाराच राहतात. मग तुमचा डाव मेला. तुम्हाला जिंकता येत नाही. पण उठूनही जाता येत नाही, बाकीच्या तिघींचा खेळ मोडेल म्हणून शेवटपर्यंत उचलत-टाकत बसायचं.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातात बारा यायला लागल्या. पहिल्यांदा मी वैशालीला रागावले, तूच माझी एक ओढलीस. मग म्हटलं, चष्म्याचा नंबर. मग बोलणंच सोडलं. मी गणिताची शिक्षिका. पोरापोरींच्या उत्तरपत्रिकांवर लाल पेनानं "मोजून बघ" लिहिण्यात माझा जन्म गेला. शकूताई आणि वैशाली नजर चुकवायच्या. मेजरबाई मात्र कधी हसल्या नाहीत, कधी च् च् केलं नाही. माझ्याकडे सरळ बघायच्या आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, "शिंदेबाई, मोजा." मला वाटायचं, ही बाई माझा मान राखते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघी शकूताईच्या जीपमधून भंडारदऱ्याला गेलो. सोंगट्यांची पेटी अर्थातच बरोबर. दुपारी त्या दोघी बोटीत बसायला गेल्या, मी आणि मेजरबाई धरणाच्या काठाला बसलो. मी दोन दिवस उराशी धरलेली गोष्ट तिथं बाहेर आली. आठवडे बाजारातून घरी येताना मला रस्ता सापडला नव्हता. पन्नास वर्षं ज्या रस्त्यानं चालले, तिथं मी पिशवी घेऊन उभी होते आणि डावीकडं की उजवीकडं ते मला कळत नव्हतं. शेवटी एका रिक्षावाल्यानं, तो माझा जुना विद्यार्थी निघाला, त्यानं घरी सोडलं. मी रडले. मग म्हटलं, "अमोलला कळता कामा नये. कळलं की तो मला उचलून नेईल. मेजरबाई, तुमच्या पवित्र शास्त्राची, बायबलची शपथ घ्या."

"आमच्यात शपथ घेत न्हाईत, बाई."

"मग नुसतं हो म्हणा."

त्या हो म्हणाल्या. पाण्याकडे बघत म्हणाल्या, पण म्हणाल्या. मला हलकं वाटलं. येताना जीपमध्ये मी गाणीसुद्धा म्हटली.

महिनाभरानं एका बुधवारी मी खेळून घरी आले तर दारात अमोलची गाडी. आधी कळवलं नव्हतं. कामासाठी शिर्डीला आलो होतो म्हणाला. तो अंघोळीला गेला आणि त्याचा मोबाईल माझ्या पुढ्यात टेबलावर वाजला. मी दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही. पण पडद्यावर नाव होतं, "मेजर मॅडम राहाता", आणि खाली मराठीत लिहिलं होतं, "आज तीनदा बारा. सातबारा ओळखताना अडल्या. आता उशीर करू नका."

मी तो मोबाईल उचलला आणि बोटानं वर वर सरकवत गेले. दर बुधवारची संध्याकाळ. "तेरा नीट. मूड चांगला." "एकदा बारा." "वैशालीचं नाव दोनदा विसरल्या." "दोनदा बारा, चिडल्या." भंडारदऱ्याचा दिवस होता. "बाजारातून घरचा रस्ता सापडला नाही असं स्वतःच म्हणाल्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. सांगते आहे." आणि अगदी वर, सगळ्यात पहिला, "भेटून आले. बुधवारी खेळायला बोलावलं आहे. त्यांना काही कळणार नाही."

नाहीच कळलं. दोन वर्षं मी हसले, भजी खाल्ली, आपल्याला मैत्रिणी आहेत म्हणून मिरवले, आणि दोन वर्षं माझी तपासणी चालू होती. एखाद्या पोरीला खेळायला म्हणून बोलवावं आणि गुपचूप तिचा पेपर तपासावा, तसं. मी एवढी कोणावरच रागावले नव्हते, देवावरसुद्धा नाही. अमोल डोकं पुसत बाहेर आला आणि माझ्या हातात मोबाईल बघून तिथंच थांबला. त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं. दोन वर्षांपूर्वी गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला, शेजाऱ्यांनी त्याला फोन केला, तेव्हा त्यानंच मेजरबाईंना गाठून लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पुण्यात डॉक्टरची वेळ घेतली होती. रविवारी निघायचं होतं, कायमचं. मला विचारायचंच कोणाला सुचलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी मेजरबाईंकडे गेले. त्या अंगणात सोंगट्या साबणाच्या पाण्यानं धुऊन चादरीवर वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या बुधवारच्या आधीपासून."

"म्हणजे चौथं माणूस कमी होतं ते खोटं."

"चौथं न्हाई, तीन कमी हुती. तुमचा मुलगा येऊन गेला, मग शकूला आन वैशालीला मी धरून आनलं. त्यांना काय बी ठाऊक न्हाई. त्यांच्यावर राग धरू नका."

हे ऐकून कोणी म्हणेल, केवढी ही माया, एका बाईसाठी अख्खा खेळ मांडला. मला तेव्हा एवढंच जाणवलं की इतक्या बुधवारांतला एकही माझा नव्हता.

"मला सांगायचं होतंत. अमोलला नाही, मला. माझं डोकं आहे ते."

"सांगितलं असतं तर पुन्हा आला असता का खेळायला?"

"नसते आले."

"मग?" त्यांनी एक सोंगटी पदरानं पुसली. "शिंदेबाई, मी अशी मानसं लई पायली हायत. उशिरा कळलं की औषध काय उपयोगाचं राहत न्हाई. मला तुमची मैत्रीन व्हायचं हुतं. पन नर्स आधी हाय मी."

"तुम्ही हो म्हणाला होतात. भंडारदऱ्याला. मी रडत होते आणि तुम्ही हो म्हणालात."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मी हो म्हटलं न्हाई, बाई. मी म्हटलं, बघू."

मला धरण आठवत होतं, पाण्यावरची बोट आठवत होती, त्यांची मान वळवलेली आठवत होती. तो शब्द मला शोधूनही सापडेना. हो म्हणाल्या होत्या की बघू? मी त्यांच्यावर ओरडायला गेले होते आणि ज्या एका गोष्टीवर ओरडायचं तीच माझ्या हातातून निसटली. त्यांनी ती मुद्दाम निसटू दिली का, की खरंच तसं घडलं, हे मला आजही सांगता येत नाही. वर मी तसंच लिहिलं आहे, त्या हो म्हणाल्या म्हणून. मी ते खोडणार नाही.

"तुमचं खरं असेल," एवढं बोलून मी परत आले. रस्ता मात्र बरोबर सापडला.

रविवारी सकाळी गाडी भरली. दोन बॅगा, देव्हारा, शिलाई मशीन. शकूताई पदर डोळ्याला लावून उभी होती, "मॅडम, आमास्नी खरंच ठाऊक न्हवतं वो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. वैशालीनं माझ्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून दिल्या. घराला कुलूप मी स्वतः लावलं. किल्ली अमोलनं मागितली, मी दिली नाही, मग गाडीत बसल्यावर दिली.

गल्लीच्या टोकाशी मेजरबाई उभ्या होत्या. नुकत्याच चर्चमधून आल्या असाव्यात, पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात शास्त्र. अमोलनं न विचारता गाडी थांबवली. मी समोर बघत राहिले. त्यांनी काच खाली करायची खूण केली.

"वाकडला सोसायटीत बायका असतीलच. तिघी जमवा. दुसरा संच मागवून पाठवते."

"नको," मी म्हटलं.

त्यांनी शास्त्र काखेत धरलं, खिडकीतून आत हात घातला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. मला भरून आलं, सगळा राग विरघळायला लागला, मीही त्यांचा हात धरणारच होते. तेवढ्यात मला जाणवलं की त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर येऊन टेकली आहेत, जिथं नाडी लागते तिथं. मी वर बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. त्या प्रार्थना करत होत्या की ठोके मोजत होत्या, मला कळलं नाही.

मी हात ओढून घेतला आणि अमोलला म्हटलं, "काच वर कर."